पेन्सिलीचे शेरे आणि माझी लाल सही

संपादकांनी माझ्याकडे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या गमती मागितल्या होत्या. "सर, इतक्या वर्षांत काय काय फुटलं, कुणाच्या शर्टाला कसली भोकं पडली, ते लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं," असे ते फोनवर म्हणाले. मी होकार दिला. नांदेडच्या घरी टेबल पुसून टिपणे काढायला बसलो आणि त्याच आठवड्यात सोपान हंगरगे गेल्याचा फोन आला. काही गमती खाली येतील, कारण त्यातल्या बऱ्याच त्याच्याच आहेत. पण हलकेफुलके लिहिणे मला जमलेले नाही. संपादकांना तसे कळवले आहे.

सोपानने लातूरच्या आमच्या कॉलेजात अकरा वर्षे रसायनशास्त्र शिकवले. मी तिथे विभागप्रमुख होतो. तो तासिका तत्त्वावर होता. ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेवढे तास घ्यायचे तेवढ्याचेच पैसे. दिवाळीची सुट्टी, आजारपण, घरातले मरण, यांचे काही नाही. मार्चअखेर नेमणूक संपते. जुलैत तोच माणूस त्याच टेबलासमोर नवा अर्ज घेऊन उभा राहतो आणि आपण त्याला विचारतो, "काय नाव?" अकरा वर्षांत मी सोपानला अकरा वेळा त्याचे नाव विचारले. अर्जावर तसा रकाना होता.

तो गेला त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता. तरी सकाळी औशाच्या एका कॉलेजात दोन तास घेऊन, दुपारी लातूरच्या खाजगी क्लासला पोचायचे म्हणून मोटारसायकलवर निघाला. तास बुडाला की त्या तासाचे गेले. वाटेत उभ्या टेम्पोवर आदळला. भर दुपार, सरळ रस्ता. डोळ्यांवर अंधारी आली असणार, असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: 'खाजगी क्लासमधील कर्मचारी अपघातात ठार.'

शिरूर अनंतपाळजवळच्या त्याच्या गावी जाऊन परतताना मी कॉलेजात गेलो. प्राचार्य माझ्याच हाताखाली लागलेले. मला बघून उठून उभे राहिले, चहा सांगितला. मी म्हणालो, "उद्या सोपानची शोकसभा घ्या. दोन मिनिटं मुलं उभी राहू द्या, मी दोन शब्द बोलतो."

ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "सर, तुमचं बरोबर आहे. पण शोकसभेचा वृत्तांत रजिस्टरला लिहावा लागतो. त्यात पदनाम येतं. काय लिहू?"

"प्राध्यापक लिहा."

"मस्टरवर नाव नाही ना सर. आणि ते इथून जाऊनच सात वर्षं झाली. आधीचंही सगळं... उद्या त्या रजिस्टरची नक्कल घेऊन कुणी कोर्टात गेलं तर?"

"कोण जाईल? तो?"

"वारस, सर," ते खाली बघत म्हणाले.

चहा आला तसाच ठेवून मी बाहेर पडलो. व्हरांड्यात रशीदभाई उभे होते. आमचे प्रयोगशाळा परिचर. तीस वर्षे त्यांनी काचसामान धुतले, आता वर्षभरात निवृत्त होतील. त्यांनी दाराआडून सगळे ऐकले होते.

"रजिस्टर को आग लगो," ते म्हणाले. "चला सर, आपण लॅबात उभे राहू."

त्यांनी कुलूप काढले. टेबलांवर धुळीचा थर होता. ब्युरेटचे स्टँड एका कोपऱ्यात एकात एक अडकवून ठेवलेले, मांडवातल्या खुर्च्या ठेवतात तसे. आम्ही दोघे बेसिनपाशी मान खाली घालून उभे राहिलो. खूप वेळ गेला.

"दोन मिन्टं झाली का सर?" रशीदभाईंनी विचारले.

"माहीत नाही."

"मग अजून उभं राहू."

आता या धंद्याविषयी थोडे. प्रयोगशाळेत मुलांना पहिल्यांदा शिकवतो ते अनुमापन. उभ्या लांब काचेच्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, एक द्राव भरायचा. खाली चंबूत दुसरा. वरचा थेंबथेंब सोडायचा. एका थेंबाला खालच्या पाण्याला फिकट गुलाबी रंग येतो. तिथे थांबायचे आणि नळीवरचा आकडा वाचायचा. एक थेंब जास्त झाला की गडद गुलाबी होते आणि पुन्हा पहिल्यापासून. असे तीनदा करायचे. ज्याने खरेच केले आहे त्याचे आकडे नऊ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक नऊ, पुन्हा आठ, असे जरा डुगडुगते येतात. तिन्ही आकडे हुबेहूब एक आले की समजावे, गडी दोन वेळा खिडकीतून बाहेर बघत होता.

सोपानला हे आकडे वासावरून कळत. तो शेतकऱ्याचा मुलगा, बोलणे शेवटपर्यंत गावचेच राहिले आणि मुलांना तेच आवडायचे. एकदा एका मुलाची वही उघडून म्हणाला, "काय रे, तीनदा नऊ पूर्णांक आठ? तू मानूस हायस का नळाचा मीटर?" सगळी प्रयोगशाळा हसली. मुलगा म्हणाला, "सर, बरोबरच आलं." सोपान म्हणाला, "हाव, म्हणून तर इचारायलोय. बरोबर कसं काय आलं?" आणि त्याच्याशेजारी उभा राहून त्याने पुन्हा तीन वेळा करून घेतले. बस चुकली त्या पोराची. सोपानने त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर घरी सोडले.

प्रयोग झाला की मुले तो वहीत लिहितात. तिला आम्ही जर्नल म्हणतो. जर्नलच्या पहिल्या पानावर छापील प्रमाणपत्र असते: या विद्यार्थ्याने हे प्रयोग प्रयोगशाळेत स्वतः केले आहेत. खाली शिक्षकाची आणि विभागप्रमुखाची सही. त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

सोपानच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या तपासणीसाठी समिती आली. समितीतल्या एका गृहस्थांनी जर्नल चाळले आणि विचारले, "हे सो. हं. कोण? यांना विद्यापीठाची मान्यता आहे का?" मान्यता नव्हती. एका तुकडीची सगळी पहिली पाने फाडून नवी लावावी लागली. समिती गेल्यावर मी सोपानला म्हणालो, "तू आपला पेन्सिलीने शेरे लिहीत जा. सही मी करत जाईन."

तेव्हा मला ती मोठी सोयीची युक्ती वाटली होती. सोपाननेही मान हलवली. त्यानंतर वर्षानुवर्षे त्याने वह्या तपासल्या, पेन्सिलीने चुका दाखवल्या, आणि प्रत्येक पानाखाली मी लाल शाईने सही ठोकली. त्याच्या कामावर माझे नाव चढत गेले. आता कुणी त्या वह्या उघडल्या तर त्याला वाटेल, केवढा कष्टाळू विभागप्रमुख होता हा.

त्या सुरुवातीच्या वर्षांतल्याच एका गिऱ्हाइकाचे सांगतो. किल्लारीकडचे एक गृहस्थ मुलीला प्रवेश घ्यायला आले. फी भरून झाल्यावर म्हणाले, "लॅब दाखवा." सोपान त्यांना घेऊन आला. तिकडची त्या वयाची माणसे नव्या इमारतीत शिरली की आधी छताकडे बघतात. यांनीही बघितले, खांबावर तळहात आपटला, मग विचारले, "पोरगी बसनार कुठं?"

"इथं कुनी बसत न्हाई काका, उभंच ऱ्हावं लागतंय," सोपान म्हणाला.

"आन् ह्या बाटल्या फुटल्या तर?"

"फुटत्यात की. मी हाय ना."

"तुम्ही रोज असता?"

"हाव. रोज."

गृहस्थ त्याच्याकडे बघून म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या पोरीला." बाकी कुणाला काही विचारले नाही. मुलीचे नाव वैशाली. ते पुढे येईल.

बाटली खरेच फुटली, पण काही वर्षांनी. एप्रिल महिना, बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा. सोपानची नेमणूक मार्चमध्ये संपलेली. पण मला हात कमी पडत होते, म्हणून मी फोन केला, "ये रे दोन दिवस." तो आला. पैशांचा प्रश्नच नव्हता, आणि त्याने विचारलेही नाही. एका मुलाच्या हातून ब्रोमीनची बाटली निसटली. ब्रोमीन म्हणजे तांबडा जड द्राव. त्याची वाफ घशात गेली तर माणूस गुदमरतो, अंगावर पडला तर कातडी जळते. मी दाराशी होतो. खरे सांगतो, मी दाराबाहेर पडलो. सोपान आत गेला. मुलांना मागच्या दाराने काढले, खिडक्या उघडल्या, हायपोचा द्राव जमिनीवर ओतला. हायपोने ब्रोमीन मरते. पडलेल्या मुलाला उचलताना त्याचा डावा हात मनगटापर्यंत भाजला. रशीदभाई त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले.

संध्याकाळी संस्थेच्या सचिवांनी मला बोलावले. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणत असू. ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. "सर, ज्याची नेमणूक नाही तो माणूस परीक्षेच्या हॉलमध्ये काय करत होता, असं वरून विचारलं तर काय सांगायचं? तुमच्यावरच येईल." मग अपघात नोंदवहीत मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले, 'विभागप्रमुखांनी तत्परतेने परिस्थिती आटोक्यात आणली. कोणासही इजा नाही.'

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर त्या तत्परतेबद्दल माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. सोपानची नवी नेमणूक जुलैत झाली होती, त्यामुळे तो मागच्या रांगेत बसला होता. तो टाळ्या वाजवत होता. डाव्या हाताची कातडी अजून गुलाबी होती, म्हणून उजवा हात मांडीवर आपटून वाजवत होता.

मी ती शाल अंगावर घेऊन घरी गेलो. ती अजून आहे. थंडीत वापरतो.

अशा नोकरीने फक्त कॉलेज बदलले असे नाही, घरेही बदलली. सोपानला मुलगी देताना मंगलच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता, "परमनंट हाईत का?" सोपानने मला बरोबर नेले होते, मोठ्या माणसाचा शब्द म्हणून. मी पोह्यांची बशी हातात धरून म्हणालो, "होतील. माझी जागा रिकामी होईलच की." त्या शब्दावर ते लग्न झाले. आज लातुरात आणि नांदेडात पदवीवर पदवी घेतलेली अशी कितीतरी मुले मला भेटतात, ज्यांना रस्त्यावर विद्यार्थी 'सर' म्हणतात आणि घरी सासरा विचारतो, औंदा तास मिळाले का. जाणता माणूस म्हणून ज्याच्याकडे गाव कागद वाचायला येत असे तो मास्तर आम्ही असा केला, की जुलै महिन्यात तो स्वतःच कागद घेऊन दारोदार फिरतो. मग त्याची मुले कशाला शिक्षक होतील? आणि जे होतील ते कुणाला वेळ काढून तीन वेळा थेंब मोजायला लावतील? त्याची बस चुकली तर पुढच्या कॉलेजातला तास जातो.

त्यातच क्लासचे दिवस आले. क्लास लातुरात आधीही होते, पण आता मुलाचे नाव आमच्या पटावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, अशी वाटणी झाली. संस्थेने क्लासशी करारच केला. पालक आता छताकडे बघत नव्हते, प्रयोगशाळाही बघत नव्हते. एक बाई मला म्हणाल्या, "हजेरीचं तुम्ही बघून घेता ना? नाहीतर त्याचा वेळ जाईल." कॉलेजात येण्यात वेळ जातो! मी हो म्हणालो.

प्रयोगशाळेला कुलूप लागले ते असे. कुणी ओढूनताणून लावले नाही. मुले परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा येत. एकाने ब्युरेट हातात धरून मला विचारले, "सर, रंग कोणता येणार? चार पर्याय द्या ना, मी टिक करतो." ही गंमत संपादकांना नक्की आवडली असती. मलाही तेव्हा हसू आले होते. तो मुलगा आता कुठल्या तरी दवाखान्यात डॉक्टर असेल, आणि त्याच्या वहीवर माझी सही आहे की त्याने सगळे प्रयोग स्वतः केले.

आता एका कागदाविषयी.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी उदगीरकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची एक पक्की जागा निघाली. मान्यतेची, कायम. अर्जासोबत अनुभवाचे प्रमाणपत्र हवे होते. सोपानने स्वतःच्या हाताने मजकूर तयार करून आणला. साधा मजकूर. या गृहस्थांनी या विभागात सलग अकरा वर्षे अध्यापन केले आणि प्रात्यक्षिके घेतली. खाली माझे नाव आणि सहीसाठी जागा.

"सर, आज दिलं तर बरं हुईल. शनिवारी मुलाखत हाय."

"सलग लिहू नये म्हणतात रे," मी म्हणालो.

तसा भाऊसाहेबांचा तोंडी हुकूम होता. तासिकेवाल्यांना सलग अनुभवाचा कागद दिला तर ते कायम करा म्हणून कोर्टात जातील. आणि माझे पेन्शनचे कागद त्यांच्याच टेबलावर होते. त्यांची एक सही व्हायची होती.

"मग सलग काढतो. अकरा वर्षं नुसतं लिव्हतो," सोपान म्हणाला.

"पंधरा दिवस थांब. माझं एकदा मार्गी लागू दे."

"पंधरा दिवसांनी मुलाखत होऊन गेलेली असंल सर."

मी पेनाचे टोपण लावले. कागद त्याने माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी क्लासकडून जर्नलचे गठ्ठे आले. जी मुले वर्षभर आलीच नव्हती त्यांची. सगळ्यांचे अक्षर दोघातिघांचे, सगळ्यांचे आकडे एक. परीक्षेआधी सह्या व्हायला हव्या होत्या. सोपानने गठ्ठे उचलून माझ्या टेबलावर आणले आणि, नेहमीप्रमाणे, माझ्या शेजारी उभा राहून पहिले पान उघडून धरू लागला. तो पान उलटायचा, मी सही करायचो. या विद्यार्थ्याने हे प्रयोग प्रयोगशाळेत स्वतः केले आहेत. सही. पुढचे. सही. बोटे दुखायला लागली. वह्यांखाली काच होती आणि काचेखाली त्याचा कागद. प्रत्येक वही उचलली की तो दिसायचा, पुढची ठेवली की झाकायचा.

मध्येच तो हसला.

"काय झालं?" मी विचारले.

"काय न्हाई. ह्या पोराचं तोंड बी बघितलं न्हाई आपुन. लई नशिबाचा हाय."

आणि पुढचे पान उघडून धरले.

मी त्या दिवशी उरलेल्या सगळ्या वह्या संपवल्या. व्यवस्था, धोरण, काळ असले शब्द मला इथे वापरायचे नाहीत. भाऊसाहेबांनी माझा हात धरला नव्हता. एका दिवसात मी एवढी खोटी प्रमाणपत्रे दिली आणि एक खरे होते ते दिले नाही.

शनिवार गेला. महिनाभराने माझे पेन्शनचे कागद झाले. माझ्या रिकाम्या जागी पक्का माणूस आला नाही. तीन तासिकेवाले आले. सोपानला म्हणे त्यांच्यात घेणार होते, पण त्याने जुलैत अर्जच केला नाही. काचेखालचा कागद मी टेबल रिकामे करताना घरी आणला. 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

तो क्लासमध्ये लागला. एकदा लातूरला गेलो असता मी त्याला भेटायला गेलो. चार मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर काचेच्या लहान लहान खोल्या. मुलांना शंका असली की खाली टोकन घ्यायचे, नंबर पुकारला की खोलीत जायचे. शिकवणारे सर वेगळे, बाहेरून येत. सोपान शंकांचा. मलाही गेटवरच्या माणसाने टोकन दिले. काचेतून दिसले, तो एका मुलीला कागदावर काही काढून दाखवत होता. हातात पेन्सिल होती.

माझा नंबर आला तेव्हा तो उठून उभा राहिला आणि हसला. "बोला सर, काय डाउट हाय?"

मी म्हणालो, "सोपान, तो कागद अजून माझ्याकडे आहे. देऊ का सही करून?"

"आता कशाला? कुठं लावू?" मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमची पेन्शन नीट चालू हाय न्हवं?" त्यात टोमणा होता की खरी चौकशी, मी अजून ठरवू शकलेलो नाही. तेवढ्यात बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला.

त्याला मी परत भेटलो नाही.

चौदाव्यानंतर मंगलचा फोन आला. आवाज शांत होता. "सर, एक मागायचं होतं. पैशाचं काही नाही, आणि केसबीस करायची नाही. पेपरात क्लासचे कर्मचारी म्हणून आलं. पोरगी आठवीत आहे. तिनं शाळेत सगळ्यांना सांगितलेलं, पप्पा कॉलेजात प्रोफेसर होते. आता पोरं म्हणायलेत, खोटं बोलतीस. तुमच्या सहीचं एवढं पत्र द्या, की होते म्हणून. तुमचा शब्द आमच्या घरात..." इथे ती थांबली. तिच्या वडिलांसमोर मी दिलेला शब्द तिला आठवला असेल किंवा नसेल. मला आठवला.

मी म्हणालो, देतो. मग वाटले, निवृत्त माणसाच्या पत्राला पुरावा काय? वह्या रद्दीत गेलेल्या, मस्टर कोरे, नोंदवहीत माझे शौर्य. सगळीकडे मीच. मी मराठीत आणि इंग्रजीत मजकूर लिहून पाहिला आणि प्रत्येक वेळी तो खोटा वाटला, कारण सगळे कागद त्याच्या विरुद्ध होते आणि ते कागद माझ्याच हातचे होते.

गेल्या महिन्यात इथे नांदेडला साखर तपासायला एका रक्त तपासणी केंद्रात गेलो. केंद्र चालवणारी बाई माझे नाव वाचून बाहेर आली. किल्लारीकडची वैशाली. रक्त तिनेच काढले. म्हणाली, "मशीन आकडा देतं सर, पण शंका आली की मी अजून हातानं परत करून बघते. हंगरगे सरांची सवय." तिला काही माहीत नव्हते. मी सांगितले. तिने हातमोजे काढले, खुर्चीवर बसली आणि रडली. मग म्हणाली, "माझं जर्नल मी ठेवलंय." दुसऱ्या दिवशी ती ते घरी घेऊन आली.

पंधराएक वर्षांपूर्वीचे जर्नल. पाने पिवळी पडलेली. पाचव्या प्रयोगाला, तिसऱ्या आकड्यासमोर, पेन्सिलीत, पुसट पण वाचता येईल असे लिहिले होते: 'हे जुळवले आहेस. पुन्हा घे. मी थांबतो.' खाली तिचा नवा आकडा, आधीच्यांपेक्षा जरा वेगळा. त्याशेजारी पेन्सिलीत: 'आता खरे.' आणि या सगळ्यावरून आडवी गेलेली माझी लाल सही, कालच केल्यासारखी ठळक.

त्या पानाची छायाप्रत मी मंगलकडे पाठवली आहे. सोबत तो सोपानच्या हातचा कागद, मजकुरातला एकही शब्द न बदलता, सही करून. 'सलग' हा शब्दही तसाच आहे. त्याची एक प्रत प्राचार्यांना रजिस्टर टपालाने गेली आहे. नक्कल घेऊन कुणाला कोर्टात जायचे असेल तर मी साक्षीला येईन, हेही त्यात लिहिले आहे. पण कॉलेजच्या फायलीतल्या कागदाचे काय होते ते मला ठाऊक आहे, म्हणून तेच इथे, जिथे फाडायला पान एकट्याच्या हातात नाही, माझ्या काही ओळी जोडून पुन्हा देतो.

प्रमाणित करण्यात येते की, श्री. सोपान हंगरगे, राहणार तालुका शिरूर अनंतपाळ, यांनी लातूर येथील आमच्या रसायनशास्त्र विभागात सलग अकरा वर्षे प्राध्यापक म्हणून अध्यापन केले व प्रात्यक्षिके घेतली. त्या काळातील माझ्या सहीच्या जर्नलमधील पेन्सिलीचे सर्व शेरे त्यांचे आहेत. ब्रोमीनच्या अपघातात विद्यार्थ्यांना त्यांनी वाचवले. मी बाहेर होतो.

प्रमाणपत्र देण्यास झालेला विलंब: सात वर्षे.

विलंबाचे कारण: सही करणारा घाबरला.